वस्तू घेण्याआधी रिव्ह्यू नेमके कसे शोधता?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे रोज रात्री तासभर रिव्ह्यू वाचले आणि मग लॅपटॉप घेतला. माझं काम भाषांतराचं. दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर जातात, म्हणून घाई केली नव्हती. बॅटरी, कीबोर्ड, वजन, पंख्याचा आवाज, सगळं पाहिलं. चौथ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. दिवसा बरं असायचं, पण रात्री ब्राइटनेस उतरवून बसलं की अर्ध्या तासात भुवयांच्या वर ठणका. चष्म्याचा नंबर तपासून आले, तो होता तसाच.

मग भावाने एक गोष्ट करून दाखवली. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं, ब्राइटनेस पाव केला, फोनचा कॅमेरा मॅन्युअलवर घेतला आणि शटरचा वेग वाढवला. फोनमध्ये त्या पांढऱ्या पानावरून काळसर आडवे पट्टे सरकताना दिसले. ब्राइटनेस पूर्ण केला, पट्टे गेले. उतरवला, परत आले. स्क्रीन मंद दिसावी म्हणून आतला प्रकाश सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत होता. याला पीडब्ल्यूएम म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं.

खरी चुटपुट पुढेच आहे. मॉडेलचा पूर्ण नंबर आणि त्यापुढे पीडब्ल्यूएम एवढंच सर्चमध्ये टाकलं, तर पहिल्याच पानावर एका मोजमाप करणाऱ्या साइटचा रिव्ह्यू आला. त्यात आलेख होता आणि किती ब्राइटनेसखाली ही लुकलुक सुरू होते तेही स्पष्ट लिहिलेलं होतं. मी लॅपटॉप घेण्याच्या दोन महिने आधीची तारीख. मी वाचलेल्या पंचवीस-तीस रिव्ह्यूंपैकी एकातही याचा शब्द नव्हता. हे सगळं होईपर्यंत परत करायची मुदत संपून गेली.

म्हणून विचारते. तुम्ही रिव्ह्यू शोधता म्हणजे नेमकं काय करता? सर्चमध्ये काय लिहिता?

गच्ची

वाईट वाटलं वाचून. तुम्ही सर्चमध्ये काय लिहिलं होतं? 'बेस्ट लॅपटॉप' आणि पुढे चालू साल, असं काही?

शाईपेन

हो, अगदी तेच. नंतर नंतर 'बेस्ट लॅपटॉप फॉर रायटर्स'.

गच्ची

मग मी माझा अंदाज सांगतो. 'बेस्ट' लिहून शोधणारा माणूस खरेदीच्या उंबरठ्यावर उभा आहे, हे साइटवाल्यांना पक्कं माहीत असतं. त्यामुळे सगळी झुंबड त्याच शब्दावर असते. जर्मनीत लाइपझिग विद्यापीठ आणि वायमारच्या बाउहाउस विद्यापीठाच्या संशोधकांनी ७,३९२ शोधशब्द घेऊन वर्षभर गूगल, बिंग आणि डकडकगो यांचे निकाल तपासले. सगळे शोधशब्द वस्तूंच्या रिव्ह्यूंचेच. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वरच्या क्रमांकावर येणारी पानं सरासरीने सर्चसाठी जास्त घोटून तयार केलेली, कमिशनच्या लिंका (ज्यांवरून कुणी खरेदी केली की साइटला पैसे मिळतात) जास्त असलेली आणि मजकुराच्या दर्जात कमी, असं त्यांना आढळलं. एकूण वेबवर कमिशनच्या लिंका असलेले रिव्ह्यू थोडेच आहेत, पण सर्चच्या निकालांत मात्र तेच बहुसंख्य दिसतात.

कमिशन घेणं म्हणजे लबाडी, असं मला म्हणायचं नाही. वायरकटर ही साइट २०११ मध्ये सुरू झाली, ती त्याच उत्पन्नावर उभी राहिली, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती विकत घेतली. ते लोक वस्तू खरोखर वापरून, एकमेकींशेजारी ठेवून पाहतात. प्रश्न एवढाच की वस्तू हातातही न घेता, कंपनीच्या माहितीपत्रकावरून दहा वस्तूंची यादी करणाऱ्यालाही तेवढंच कमिशन मिळतं. आणि त्याचा खर्च शून्य.

तुमची डोकेदुखी त्या यादीत येणार कुठून? ती माहितीपत्रकात नसते.

मधली सुट्टी

मी सरळ खरेदीच्या साइटवरचे ग्राहकांचे रिव्ह्यू वाचते. तिथे निदान वस्तू घेतलेली माणसं बोलत असतात. पाच स्टारवाले बहुतेक खोका उघडल्याच्या आनंदात लिहितात, एक स्टारवाले पुष्कळदा कुरिअरवर चिडलेले असतात. मी तीन स्टारचे आधी उघडते. तिथे 'आवाज छान आहे, पण उजवा कान तासाभरात दुखतो' असलं काहीतरी कामाचं सापडतं. तारखेनुसार लावून सगळ्यात नवे रिव्ह्यूही बघते, कारण मधेच माल बदललेला असतो.

ओहम

मधली सुट्टी ताई, तीन स्टारचं पटलं. एक जोड देतो. ते रिव्ह्यू त्याच वस्तूचे आहेत का, हेही बघत जा. पुष्कळ ठिकाणी वेगवेगळे आकार, रंग, कधी तर वेगळी मॉडेलंसुद्धा एकाच पानावर बांधलेली असतात आणि स्टारची सरासरी सगळ्यांची मिळून दिसते. ३२ इंची टीव्हीची वाहवा ५५ इंचीच्या खात्यात जमा. मुद्दाम केलेले प्रकारही झाले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली होती. नव्या मालाला जुन्या खपाऊ मालाच्या पानाशी जोडून त्याचे स्टार उसने घ्यायचे, असा तो प्रकार होता. त्याच कमिशनने २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर बंदीचा नियमही आणला.

मी टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करतो. रोज मागचं झाकण उघडतो, त्यामुळे माझी शोधायची पद्धत उलटी आहे. मी वस्तू कशी आहे हे शोधत नाही, ती कशाने जाते हे शोधतो. मॉडेल नंबर आणि पुढे 'बॅकलाइट' (पडद्यामागचा दिवा), मॉडेल नंबर आणि 'नो पॉवर', मॉडेल नंबर आणि 'हिंज'. एखाद्या लॅपटॉपच्या बिजागरीसाठी दहा वेगवेगळ्या माणसांनी दहा वेगवेगळ्या ठिकाणी विचारणा केलेली दिसली, की मला दुसरा रिव्ह्यू लागत नाही. अडलेला माणूस खोटं लिहीत नाही. त्याला त्या क्षणी फक्त उत्तर हवं असतं.

आता मॉडेल नंबरबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. जाहिरातीतलं नाव म्हणजे मॉडेल नंबर नव्हे. एकाच नावाखाली दोन-तीन वर्षांची वेगळी यंत्रं विकली जातात, आणि आकार बदलला की पॅनलसुद्धा बदलू शकतं. खरा नंबर मागच्या स्टिकरवर असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. शेवटची दोन-तीन अक्षरं 'काय फरक पडतो' म्हणून सोडू नका. कधी ती फक्त देश सांगतात, कधी पॅनल सांगतात. आमच्या बाकावर एकाच नावाचे दोन टीव्ही शेजारी उघडे पडलेले मी कितीदा पाहिले आहेत. एकात आठ एलईडी पट्ट्या, दुसऱ्यात चार. दोघांचा रिव्ह्यू मात्र एकच.

आणि नंबर अगदी तोच असला तरी आतलं बदलू शकतं. क्रूशल पी२ या एसएसडीचं, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या भागाचं, उदाहरण घ्या. रिव्ह्यू झाले तेव्हा आत टीएलसी प्रकारची मेमरी होती. पुढे त्याच नावाने क्यूएलसी ही स्वस्त, मंद प्रकारची मेमरी घालून माल आला, आणि २०२१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने पुन्हा चाचणी घेऊन तो किती मंदावला ते दाखवून दिलं. पहिला रिव्ह्यू लिहिणारा खोटं बोलला नव्हता. त्याने तपासलेली वस्तूच बाजारात उरली नव्हती. म्हणून रिव्ह्यूची तारीख, आणि तपासलेला नग कंपनीने पाठवला की दुकानातून घेतला, या दोन गोष्टी मी मजकुराच्या आधी वाचतो.

गच्ची

ओहम यांच्या शेवटच्या ओळीला +१. जुन्या ग्राहक संस्था इथेच वेगळ्या पडतात. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून, ब्रिटनमधली विच १९५७ पासून, जर्मनीतली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट १९६४ पासून हे काम करतेय. वस्तू सामान्य गिऱ्हाइकासारखी दुकानातून विकत घ्यायची आणि मग प्रयोगशाळेत न्यायची, हा त्यांचा शिरस्ता. कॅनडातली आरटिंग्ज ही साइटही स्वतः विकत घेऊनच तपासते. काही ठिकाणी वाचायला पैसे पडतात, पण वाचकाकडून पैसे घेणाऱ्याला कंपनीकडे बघावं लागत नाही.

दोन मिनिटं

सगळं मान्य, पण इतका वेळ असतो कुणाला? मी यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघतो आणि घेतो. वस्तू डोळ्यांना दिसते, आवाज ऐकू येतो. लेख वाचून हेडफोन कसा कळणार?

ओहम

व्हिडिओत हेडफोनचा आवाज तुम्हाला तुमच्याच स्पीकरमधून ऐकू येतो, दादा. त्यावरून काय ठरवणार? बाकी व्हिडिओ मीही बघतो. त्यांची अडचण वेळेची आहे. वस्तू बाजारात येते त्या दिवशी सगळे व्हिडिओ एकदम येतात, कारण अमुक तासाआधी दाखवायचं नाही असं ठरलेलं असतं. बनवणाऱ्याने ती आठवडाभर वापरलेली असते. माझ्याकडे वस्तू येतात त्या दीड-दोन वर्षांनी.

आत्ता गच्चींनी आरटिंग्जचं नाव काढलं. त्यांनी १०० टीव्ही एका खोलीत लावून महिनोन् महिने चालू ठेवले, फक्त कुठला कधी आणि कशाने बिघडतो हे बघायला. कडेने प्रकाश टाकणाऱ्या पातळ टीव्हींत उष्णतेने आतले थर वाकतात, तडकतात, हे त्यांनी उघडून फोटोंसकट दाखवलं. मी बाकावर हे कित्येक वर्षं बघत होतो, गिऱ्हाइकांना सांगत होतो, पण 'पातळ टीव्ही म्हणजे चांगला' यापुढे माझं कोण ऐकणार? ते फोटो आता मी गिऱ्हाइकाला दाखवतो. पहिल्या आठवड्याच्या व्हिडिओत हे कधीच दिसणार नाही.

दोन मिनिटं

हेडफोनचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बरोबर आहे.

मधली सुट्टी

व्हिडिओच बघायचा तर नावापुढे 'सहा महिन्यांनंतर' किंवा 'एक वर्षानंतर' असं इंग्रजीत लिहून शोधा. संख्या एकदम कमी होते आणि उरतात ते बोलण्यासारखं असलेले. शिवाय यूट्यूबवर व्हिडिओखाली पुष्कळदा बोलण्याची लेखी प्रत मिळते. ती उघडून हवा तो शब्द शोधायचा, म्हणजे वीस मिनिटांतलं आपल्या कामाचं अर्धं मिनिट लगेच सापडतं.

कंदील

सर्चच्या खुणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. मी ग्रंथालयात काम केलं आहे, हे रोजचं होतं.

मॉडेल नंबर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा, म्हणजे सर्च त्याच्या जागी जवळपासचं काहीतरी घेत नाही. नको असलेल्या शब्दाला लागून आधी वजाचं चिन्ह द्या. एकाच साइटवर शोधायचं असेल तर रोमन लिपीत साइट हा शब्द, त्याला लागून कोलन आणि जागा न सोडता त्या साइटचा पत्ता. गूगलवर आफ्टर आणि बिफोर हे शब्दही तसेच कोलन लावून पुढे वर्ष लिहून चालतात. एसएसडीचं जे वर आलं, तशा शंकेसाठी हे फार उपयोगी. जुने रिव्ह्यू एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींतले आकडे जुळतात का ते पाहायचं.

आकड्यांवरून एक सांगावंसं वाटतं. चांगला रिव्ह्यू ओळखायची माझी खूण म्हणजे त्यात कंपनीने न छापलेला आकडा असतो. पॉवर बँक घ्या. खोक्यावर १०,००० एमएएच (बॅटरीची क्षमता) असतं. ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टवरचं, म्हणजे ३७ वॉट-तास ऊर्जा. फोनकडे जाताना तेच ५ व्होल्टवर येतं, तिथे गणितानेच ७,४०० उरतात, आणि रूपांतरात जी ऊर्जा उष्णता होऊन जाते ती आणखी वजा. ज्या रिव्ह्यूत 'मोजून इतके वॉट-तास बाहेर आले' असं आहे, त्याने मीटर लावला. ज्यात '१०,००० एमएएचची दणकट बॅटरी' असं आहे, त्याने खोकं वाचलं.

शाईपेन

कंदील, हे वाचून माझी वही पुन्हा काढली. मी पंचवीसेक रिव्ह्यूंमधून जे टिपून ठेवलं होतं त्यातला एकही आकडा कुणी मोजलेला नव्हता. बॅटरी 'अठरा तासांपर्यंत' हे सात ठिकाणी होतं, सातही ठिकाणी तेच शब्द. तेव्हा मला वाटलं होतं की सगळ्यांचं एकमत आहे, म्हणजे खरंच असणार.

निरांजन

मी फोटो काढते आणि जुने कॅमेरे विकत घेते, त्यामुळे माझी अडचण निराळी. मला दहा-बारा वर्षांपूर्वीचे रिव्ह्यू लागतात. डीपीरिव्ह्यू ही साइट १९९८ पासूनची. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली आणि मार्च २०२३ मध्ये ती बंद होणार असं जाहीर झालं. ते वाचल्यावर त्या आठवड्यात मी रोज रात्री बसून जुनी पानं उतरवून घेत होते. प्रत्येक कॅमेऱ्याने काढलेला तोच एक ठरलेला देखावा, तेच रंगीत दोरे, तेच छोटे अक्षरांचे तुकडे, कित्येक वर्षांचे कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून बघता येतात असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. सुदैवाने त्याच वर्षी जूनमध्ये गिअर पॅट्रोलने ती घेतली आणि साइट राहिली. संगणकाच्या सुट्या भागांसाठी १९९७ पासून चालू असलेल्या आनंदटेकने मात्र ३० ऑगस्ट २०२४ ला काम थांबवलं.

म्हणून सांगते, एखादं पान उपयोगी वाटलं तर त्याचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) टाकून जतन करा. अर्धं मिनिट लागतं. आणि मेलेली लिंक दिसली तर तिथेच शोधा, बऱ्याचदा मिळते.

गवाक्ष

आता लोक सरळ एआयलाच विचारतात, त्याबद्दल कुणाचा अनुभव? मी वडिलांसाठी श्रवणयंत्राला जोडता येईल असा टीव्ही शोधत होतो. उत्तर सुरेख, मुद्देसूद आलं, खाली लिंकही होती. लिंक उघडली तर त्या पानावर ती सोय पुढच्या वर्षीच्या मॉडेलला होती, मी विचारलेल्याला नव्हती. दोन मॉडेलांचं एकत्र झालं होतं. लिंक उघडली नसती तर टीव्ही घरी आला असता आणि बाबांना काही ऐकू आलं नसतं. आता मी एआयला कुठला घेऊ असं विचारत नाही. अमुक मॉडेलची मोजमापं कुणी केली आहेत ती पानं दाखव, एवढंच विचारतो आणि पानं स्वतः वाचतो.

मधली सुट्टी

खोटे रिव्ह्यू हुडकून देणारी फेकस्पॉट नावाची सेवा मी वापरायचे. २०२३ मध्ये मोझिलाने घेतली आणि २०२५ च्या जुलैत बंद केली. तेव्हापासून माझं मलाच बघावं लागतं. एक-दोन दिवसांतच आलेले शंभर रिव्ह्यू, सगळे दोन ओळींचे, सगळ्यांत वस्तूचं पूर्ण नाव जाहिरातीसारखं लिहिलेलं, असं दिसलं की मी ते पान सोडते.

कंदील

गवाक्ष, तुमच्या मॉडेलचं निर्मात्याच्या साइटवर वापरपुस्तिकेचं पीडीएफ असेल. त्यात 'ब्लूटूथ' किंवा 'हिअरिंग एड' शोधा. सोय आहे की नाही एवढाच प्रश्न असेल तर पुस्तिकेइतकं खात्रीचं काही नाही. रिव्ह्यू लागतो तो सोय कितपत चालते हे कळायला.

गवाक्ष

पुस्तिका सापडली! पान ४६ वर आहे. या मॉडेलला नाही, मोठ्या आकाराच्या मॉडेलला आहे. आभार.

निरांजन

एक गोष्ट बोलायची राहिली. मराठीत शोधून पाहिलंत कधी? मी परवा कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल मराठीत शोधलं. जी पानं आली त्यातली बरीचशी यंत्राने भाषांतर केलेली होती, 'फोकस लांबी आपल्याला आनंद देईल' अशा वाक्यांची. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मिक्सर किंवा फोन घेताना काय वाचायचं? इथे एवढी माणसं आहेत, प्रत्येकाकडे चार-पाच वस्तू दोन-तीन वर्षं वापरलेल्या आहेत. त्यातल्या एकीबद्दल जरी पूर्ण मॉडेल नंबरासकट मराठीत लिहिलं तरी कुणालातरी ते सापडेल.

ओहम

मी लिहीन. बाकावर येणाऱ्या टीव्हींचा नंबर आणि बिघाड वहीत लिहायची सवय आहेच.

शाईपेन ताई, तुमच्या लॅपटॉपचं राहिलंच. त्या आलेखात लुकलुक किती ब्राइटनेसखाली सुरू होते म्हणालात?

शाईपेन

साधारण ४० टक्क्यांच्या खाली.

ओहम

मग ब्राइटनेस ४५ च्या खाली नेऊच नका. रात्री फार उजेड वाटला तर स्क्रीनवर काळसर झाक टाकणारं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, ते वापरा. ते चित्राचे रंग गडद करतं, बॅकलाइटला हात लावत नाही, त्यामुळे लुकलुक सुरू होत नाही. खोलीत मागच्या बाजूला एक मंद दिवाही ठेवा. घरी बसून काम करता तर पुढेमागे वेगळा मॉनिटर घ्या, पण घेताना ब्राइटनेस कमी करायला पीडब्ल्यूएम वापरतो की डीसी (म्हणजे बंद-चालू न करता वीजच कमी करणं), हे तुम्हाला आलेख सापडला त्या साइटवर बघून घ्या.

शाईपेन

चार दिवस थांबून लिहितेय, कारण खात्री करायची होती. ब्राइटनेस ४५ वर, वर काळसर झाक, मागे दिवा. काल रात्री साडेअकरापर्यंत काम केलं. ठणका नाही. फोनच्या कॅमेऱ्याने पुन्हा पाहिलं, पान कोरं दिसतंय, पट्टे नाहीत.

निरांजन, तुमचं ऐकून या लॅपटॉपबद्दल मराठीत वेगळा धागा काढला आहे. शीर्षकातच स्टिकरवरचा पूर्ण नंबर टाकलाय, शेवटच्या तीन अक्षरांसकट. पट्ट्यांचे दोन्ही फोटो आहेत, ३५ वरचा आणि ४५ वरचा. पंख्याच्या आवाजाचं आणि बॅटरीचं सहा महिन्यांनी त्यातच लिहीन.